वरच्या खोलीतला डबा

पंचवटीत लहानू नाथा आहेर याला कोणी इंजिनियर म्हणत नाही आणि मेकॅनिकही म्हणत नाही. "लहानूला बोलवा" एवढंच म्हणतात, पूर्वी सुईणीला बोलवत तसं, हुद्दा न सांगता आणि घाईघाईने. प्रिंटर रुसला, टीव्हीला मोबाइलमधले लग्नाचे फोटो दिसेनात, वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर खालच्या लॅपटॉपला ओळख देईना, की लहानू आपल्या खडखड्या स्कूटरवरून हजर. देवळ्याजवळच्या गावातून कांद्याच्या गाडीत बसून तो नाशकात आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आधी सायबर कॅफे चालवला, तो मोबाइलने गिळला, मग दिंडोरी रोडला एक गाळा घेऊन हे सुरू केलं. आता सेहेचाळिशी आली. चष्मा कपाळावर, खिशात एक पेन ड्राइव्ह आणि एक दातकोरणं. दातकोरणं दातांसाठी नाही, राउटरच्या मागच्या बारीक भोकासाठी.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी पाणी मागायचं, मग विचारायचं, "काल-परवात घरात काय बदललं?" घर एका सुरात सांगायचं, काहीच नाही. वीस वर्षांत नाशकातल्या एकाही घरात कधी काहीच बदललेलं नव्हतं. मग पाणी पिता पिता हळूहळू बाहेर यायचं की राउटर कपाटामागे सरकवला आहे, वायर उंदराने खाल्ली आहे, किंवा जावयाने "जरा सेटिंग बघितली" आहे. यातला जावई सगळ्यात वाईट, असं लहानूचं अनुभवाचं मत होतं.

दुसरी गोष्ट, तो समजावून फार छान सांगायचा. गिऱ्हाइकाला इंग्रजी शब्दांनी घाबरवायचं नाही हा त्याचा बाणा. लॅपटॉपला घरातली बाकीची यंत्रं दिसत नसली की म्हणायचा, "त्याला वाटतंय तो एसटी स्टँडवर बसलाय. स्टँडवर आपण कोणाला नाव-गाव सांगतो का? गप बसतो, पिशवी मांडीवर घेतो. त्याला सांगायचं, बाबा, हे घर आहे, सगळे आपलेच. मग तो बोलायला लागतो." म्हाताऱ्या माणसांना हे इतकं पटायचं की काम झाल्यावरही ते त्याला आणखी एक चहा पाजून पुन्हा ऐकायचे. समजायला सोपं जावं म्हणून लहानू कधी खऱ्याचा एखादा कोपरा कापायचा. शिंपी कापतो तसा, बेताने, बसायला हवं म्हणून.

चिंतामणकाकांच्या घरीही त्याने असाच एक कोपरा कापला होता.

चिंतामणकाका तीर्थोपाध्याय. गोदाकाठी येणाऱ्या यात्रेकरूंची गावं उपाध्यायांच्या घराण्यांत वाटलेली असतात. काकांकडे देवळा, सटाणा आणि त्या अंगाची चाळीसेक गावं होती. गावातला कोणी बापाच्या अस्थी घेऊन आला की विधी काका करायचे आणि वहीत नोंद व्हायची: कोण आला, कोणाचं केलं, बरोबर कोण होतं, खाली त्याची स्वतःची सही. दीडशे वर्षांच्या अशा अकरा वह्या घरात होत्या. जुनी पानं मोडीत. ती वाचायच्या मालिनीकाकू. काकांचे डोळे लवकर अधू झाले, तेव्हापासून तीस वर्षं वही काढणं, पान शोधणं, पणजोबांचं नाव मोठ्याने वाचून दाखवणं हे सगळं काकूंचं काम होतं. गावाचं नाव कानावर पडलं की त्यांचा हात आपोआप नेमक्या वहीकडे जायचा. यात्रेकरू थक्क व्हायचे. काका म्हणायचे, "मी नुसता मंत्र म्हणणारा. खातं हिच्याकडे आहे."

मग त्या मोठ्या पुरात खालच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात पाणी शिरलं. वह्या वाळवल्या, पण पानं पापडासारखी झाली. हात लावला की तुकडा हातात. पुढे लॉकडाऊनमध्ये घाट ओस पडले, तेव्हा काका-काकूंनी वरच्या खोलीत चादर अंथरून एकेका पानाचा फोटो काढला. काकू पान धरायच्या, काका बटण दाबायचे. तीन हजार एकशे चाळीस पानं. झाल्यावर चुरा झालेल्या वह्या रिवाजाप्रमाणे गोदावरीत विसर्जित केल्या. हे फोटो वरच्या खोलीतल्या जुन्या काळ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. काकूंना जिना चढवेना, म्हणून काकांनी लहानूला बोलावलं.

लहानूने वरचा कॉम्प्युटर आणि खालचा लॅपटॉप एकमेकांना जोडून दिले. वरच्या यंत्राला नाव दिलं 'वरची खोली', आणि खाली लॅपटॉपच्या पडद्यावर एक चित्र ठेवलं, त्याखाली लिहिलं 'वह्या'. त्यावर टिचकी मारली की वरच्या डब्यातली, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधली, पानं खाली दिसायची. काकूंनी पहिलं पान उघडलं ते लहानूच्याच गावचं. त्यात त्याच्या आजोबांच्या अस्थी घेऊन आलेल्या त्याच्या बापाची नोंद होती, नाथा कोंडाजी आहेर, आणि सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा. बाप जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. लहानू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग डोळे पुसून, वह्या आता नेमक्या कुठे असं काका पुन्हा पुन्हा विचारत होते म्हणून, म्हणाला, "काका, आता वह्या लॅपटॉपमध्येच आल्या समजा."

समजा, म्हणाला होता. काकांनी समजलं.

डब्याच्या बगलेला त्याने आपलं पिवळं स्टिकर लावलं, मोबाइल नंबरासकट, आणि गेला. दुसरीकडे एक प्रत करून ठेवू, असं तो म्हणाला होता. काका दिवाळीनंतर बघू म्हणाले. दिवाळ्या पाच झाल्या.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. दहाव्याला लहानू घाटावर जाऊन आला. त्यानंतर महिन्याभराने काकूंचा फोन. वह्या उघडत नाहीत, शनिवारी सटाण्याचं एक कुटुंब यायचं आहे, काकांचा पुतण्या विधी करणार आणि नोंद नेहमीसारखी काकू वाचणार, तेव्हा जरा ये.

लहानू गेला. पाणी मागितलं. काकूंच्या कपाळाकडे त्याची नजर गेली आणि घरात काय बदललं हा प्रश्न त्याने तेवढ्या एका घरात विचारला नाही.

पुण्याहून आलेला मुलगा मयुरेश घरूनच ऑफिसचं काम करत होता. लॅपटॉप त्याने पुढे सरकवला. 'वह्या'च्या चित्रावर लाल फुली होती. लहानूने पाहिलं, तर लॅपटॉप स्वतःला स्टँडवर समजत होता. मयुरेशने नवा राउटर बसवला होता, त्यामुळे. म्हणजे बदललं होतं. लहानूला जरा हुशारी आली. त्याने लॅपटॉपला घर आहे असं सांगितलं, एकमेकांना दिसण्याची मुभा दिली, पासवर्डची अट पाहिली. यादीत एकेक जण हजर व्हायला लागला: टीव्ही आला, प्रिंटर आला, शेजारच्यांचा स्पीकरसुद्धा आला, त्यांच्या मुलाला इकडचा पासवर्ड माहीत असावा. 'वरची खोली' मात्र आली नाही. त्याने हाक मारून पाहिली, म्हणजे लॅपटॉपवरून चार वेळा निरोप पाठवला. चारही वेळा उत्तर नाही.

"वरचा कॉम्प्युटर बंद असंल," तो उठत म्हणाला. "चालू करून येतो."

"वर काय आहे आता?" मयुरेश म्हणाला. "वर काही नाही. ते तेराव्याला दिलं ना."

शय्यादानात दिलं. गेलेल्या माणसाची गादी, छत्री, चपला, भांडी आणि जे त्याला प्रिय असेल ते तेराव्याला ब्राह्मणाला द्यायचं, ही रीत. बाबांना प्रिय काय, तर ते यंत्र. दिवसाचे चार तास त्याच्यासमोर. मयुरेशने विचार न करता दिलं असंही नाही. देण्याआधी त्याने खाली लॅपटॉपवर बसून दहा-बारा पानं उघडून पाहिली होती. सगळी छान उघडली. मग वर जाऊन बटण बंद केलं, वायर गुंडाळली, आणि काकूंनी डब्यावर अक्षता आणि तुळशीचं पान ठेवून हात जोडले.

लहानू पुन्हा खाली बसला. दहा-बारा पानं उघडली होती, कारण तेव्हा वरचा डबा चालू होता. हे त्याने सांगितलं, पहिल्यांदाच काही न कापता. लॅपटॉपमध्ये कधीच काही नव्हतं. ते चित्र म्हणजे वरच्या खोलीकडे दाखवणारं बोट होतं.

मयुरेशला एकदम आठवलं. बाबांनी पुण्याला येताना पेन ड्राइव्ह दिला होता, सगळं यात आहे म्हणून. त्याने धावत जाऊन बॅगेतून आणला. लावला. आत एकच फाइल होती, 'वह्या' नावाची, दोन केबीची. काकांनी बोटाची प्रत करून ठेवली होती.

काकू मुलाला म्हणाल्या, "डबा देण्याआधी मी विचारलं होतं तुला. मोडीतलं मी वाचते, यातलं तू वाच, म्हटलं होतं." त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

डबा मागून आणावा, असं मयुरेश म्हणाला, तर तेही होईना. दिलेलं दान परत मागायचं नसतं. दुसऱ्याच्या घरी कदाचित चाललं असतं, पण आयुष्यभर लोकांकडून दानाचा संकल्प सोडवून घेतलेल्या घरात कसं चालावं. लहानू म्हणाला, मी जातो, मी काही घरचा नाही. कोणाला दिलं?

"म्हसरूळच्या नीळकंठगुरुजींना," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही."

लिफ्ट नाही हे लहानूला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी तो ते तीन जिने चढला होता.

गुरुजींची सून वेदिका घरी शिकवण्या घेते. तिने फोन केला होता तो डब्यावरच्या पिवळ्या स्टिकरवरचा नंबर पाहून. कॉम्प्युटर मिळालाय, पासवर्ड आहे, कोरा करून द्या. लहानूने स्टिकर पाहिलं आणि आपण म्हसरूळपर्यंत पोचलो याचं त्याला बरं वाटलं. अशी चारशे स्टिकरं त्याने गावभर लावली होती. डब्याच्या जाळीत तांदळाचे दाणे अडकले होते. कोणीतरी पूजा केलेली दिसते, असं म्हणून त्याने ते ब्रशने झाडले. मग खिशातला पेन ड्राइव्ह लावला आणि यंत्र सुरू झाल्या झाल्या आतलं सगळं पुसून नवीन भरायला घेतलं. पासवर्ड विचारायला पडदा उजळला असता तर त्यावर चिंतामण हे नाव आलं असतं. लहानूने पडदा तिथपर्यंत येऊच दिला नाही. चाळीस मिनिटांत काम झालं. वेदिकाने पोहे केले होते. त्याने दोनदा घेतले.

हे सगळं त्याला काकूंच्या समोर, त्या जेवणाच्या टेबलाशी बसून आठवलं. आणि तो म्हणाला, "बघतो. मिळंल." चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर नेला, आणि निघाला. जिन्यापर्यंत पोचवायला मयुरेश आला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "लहानूभाऊ, माझ्यामुळे झालं हो," एवढंच म्हणाला. नाही म्हणायला लहानूला तोंड उघडता आलं असतं. त्याने स्कूटरला किक मारली.

म्हसरूळला वेदिकाने दार उघडलं. लहानूने सांगितलं की एक पार्ट बघायचा राहिला, दोन दिवस न्यावा लागेल. गुरुजी आत जप करत होते, त्यांनी हातानेच न्या म्हटलं. आतली डिस्क काढून तो गाळ्यावर आला. पुसलेलं परत काढायची यंत्रणा असते. पुसलं म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडलेली असते, पानं तिथेच असतात, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. पण वेदिकाने पंधरा दिवसांत लिहिलं होतं. सातवीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका, मुलांची हजेरी, आणि एका मालिकेचे दोनशे भाग, बहुधा सासूबाईंसाठी. प्रत्येक भाग कुठल्या तरी गावावर बसला होता.

दोन दिवस यंत्र चालू राहिलं. लहानूने दुसरं काम घेतलं नाही. फोन वाजले ते वाजू दिले. पडद्यावर एकेक पान वर येत होतं, नाव नाही, क्रमांक नाही, कुठल्या वहीचं ते नाही. काही अर्धीच. वरचा भाग स्वच्छ, अगदी कागदाच्या सुरकुतीसकट आणि पान धरणाऱ्या काकूंच्या अंगठ्याच्या नखासकट, आणि मध्यावरून खाली राखाडी. शेवटी मोजणी थांबली. तीन हजार एकशे चाळीसपैकी नीट वाचता येतील अशी चारशे बारा. अर्धीमुर्धी अडीचशे. बाकी नाहीत.

शुक्रवारी सकाळी तो ते सगळं एका नव्या डिस्कवर, आणखी एका डिस्कवर, आणि लॅपटॉपसाठी पेन ड्राइव्हवर घेऊन पंचवटीत गेला. घरात माय-लेकांची जेवणं वेगवेगळ्या वेळी होत होती हे ओट्यावरच्या झाकलेल्या ताटावरून कळत होतं. काकू टेबलाशी बसल्या. मयुरेश दारात उभा राहिला. लहानूने पाणी मागितलं नाही.

"काकू, डबा मयुरेशने दिला, पण पुसला मी. म्हसरूळला जाऊन, ह्या हातांनी. त्या दिवशी इथं बसलो होतो तेव्हाच मला समजलं होतं, मी बोललो नाय."

तो पुढे म्हणाला, "आणि त्याच्या आधीचं पण माझंच. वह्या लॅपटॉपमध्ये आल्या असं काकांना मी सांगितलं. ते खरं नव्हतं. समजायला सोपं जावं म्हणून सांगितलं."

बाहेर घाटाकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न वाजत होते. काकू टेबलावरचं प्लॅस्टिकचं कव्हर बोटाने सरळ करत होत्या.

"डब्यावर अक्षता होत्या का?" त्यांनी विचारलं.

"होत्या."

"त्यांचं काय केलंस?"

"ब्रशने झाडल्या."

काकूंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मयू, चहा टाक." चार दिवसांत त्या मुलाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मयुरेश आत गेला, आणि आतून बराच वेळ भांड्याचा आवाजच आला नाही.

मग त्यांनी चष्मा लावला आणि पानं बघायला घेतली. क्रम नव्हता, पण काकूंना तो लागत नव्हता. पहिली ओळ दिसली की म्हणायच्या, हे सटाण्याच्या पुढचं, हे नदीपलीकडचं, ही दोघा भावांची नोंद, एकमेकांकडे न बघता बसले होते. लहानू एका नव्या वहीत लिहून घेत होता. अर्धं पान आलं की त्या राखाडी भागावर बोट ठेवून आठवायच्या. दहात दोनदा आठवायचं. आठ वेळा नुसतं बोट फिरायचं आणि त्या म्हणायच्या, पुढचं काढ. उद्याच्या कुटुंबाचं पान त्यात नव्हतं. दुपारी त्यांनी स्वतःच फोन केला. या म्हणाल्या, विधी होईल, पण पणजोबांचं नाव तुम्हाला येत असेल तर घरून लिहून आणा. पलीकडचा माणूस म्हणाला असावा की आम्ही तर तेच विचारायला येतोय, कारण काकूंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि नंतर खाली ठेवला.

तीनच्या सुमाराला ते पान आलं. लहानूने ते गाळ्यावर आधीच पाहिलं होतं, म्हणून त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. वर आजोबांचं नाव होतं, कोंडाजी. तिथी होती. मग राखाडी.

"तुझं गाव," काकू म्हणाल्या. त्यांनी बोट ठेवलं. हे त्यांना आठवत होतं. "नाथा. जोडे पार रस्त्यावर काढून आला होता, आत आणायला सांगितलं तरी आणले नाहीत. यांनी दक्षिणेचं विचारलं तर कांद्याची पिशवी पुढे ठेवली. लिही, नाथा कोंडाजी आहेर."

लहानूने लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश.

"सही येत नव्हती त्याला," काकू म्हणाल्या. "नाव मला सांगता येतं रे. अंगठा कसा सांगू तुला?"

लहानूने नावापुढे पेनाने एक लहानसा चौकोन काढला. आत काही लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत तो पान धरून बसला, मग काकू म्हणाल्या, पुढचं काढ, आणि त्याने पुढचं काढलं.